डावऱ्या हातासाठी दोन पात्यांचा चाकू

मी खुटबावचा. पुणे-दौंड लाईनवर यवत गेलं की पुढचं स्टेशन आमचं. आठवडाभर कोड लिहायचा, शनिवारी गावाला यायचं, असं आपलं चालू असतं. आजचा विषय आहे खिशात मावणारा, मिटवायचा चाकू. आणि त्यात नेमकी कोणती पाती हवीत, हे कसं ठरवायचं?

चाकू म्हटलं की पिक्चरमधला रामपुरी आठवतो. तो बाजूला ठेवा. आपण कामाच्या चाकूबद्दल बोलतोय.

ऑनलाईन शोधायला गेलात तर डोकं फिरतं. दोन पाती, तीन पाती, अकरा हत्यारं एकात. पण जुने प्रकार नीट बघितले की कळतं, प्रत्येक जोडणी कुणाच्या तरी कामातून आलीय. अमेरिकेत गुरं पाळणाऱ्यांचा ‘स्टॉकमन’ घ्या. त्यात तीन पाती. एक टोकदार, रोजच्या कामाला. दुसरं सरळ धारेचं आणि बोथट टोकाचं, म्हणजे दोरी कापताना जनावराला टोचत नाही. तिसरं गोलसर टोकाचं, ते खच्चीकरणासाठी. १८९१ साली स्वित्झर्लंडच्या सैनिकांना जो चाकू मिळाला, त्यात पात्याबरोबर डबा फोडायचं हत्यार होतं, आरी होती, आणि स्क्रू ड्रायव्हरही होता. तो कशाला? तर रायफल खोलायला.

आपल्याकडे हत्यारं वेगवेगळी राहिली. गवताला विळा, उसाला कोयता, निंदायला खुरपं. खिशात किंवा चंचीत काय असायचं, तर अडकित्ता! त्यामुळे ‘आपल्याकडचा पारंपरिक पॉकेट नाइफ’ शोधायला गेलं तर सगळ्यात जवळचा म्हणजे कलमाचा चाकू.

आता माझी रिक्वायरमेंट सांगतो. आमचे तात्या, म्हणजे वडील, बांधावरच्या गावठी आंब्याच्या रोपांवर केशरची कलमं बांधतात. पाचर कलम. खुंट आडवा कापायचा, मधे चीर द्यायची, कलमकाडीला दोन्ही बाजूंनी तासून पाचर करायची, चिरेत बसवायची आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट बांधायची. खरी गंमत सालीखालच्या हिरवट थरात आहे. खुंटाचा आणि काडीचा तो थर एकमेकाला चिकटला तर कलम जगतं. काप खडबडीत झाला, मधे फट राहिली, की काडी वाळली. रोप वाढवायला घातलेला वेळ गेला, कलमाचा हंगामही गेला.

म्हणून कलमाचं पातं बहुतेक वेळा एकाच बाजूने घासलेलं असतं. एक बाजू एकदम सपाट, दुसरीला उतार. सपाट बाजू लाकडाला टेकते आणि काप सरळ येतो. पण तात्या डावरे! बाजारातले असे चाकू उजव्या हाताचे. डाव्या हातात धरलं की सपाट बाजू उलटीकडे जाते, पातं लाकडात घुसतं नाहीतर बाहेर निसटतं.

दुसरी गोष्ट, पाती दोन हवीत. कारण शेतात गेल्यावर माणूस सुतळी कापतो, खताची गोणी फोडतो, ड्रिपची नळी कापतो. त्याच पात्याने कलम केलं तर धार गेलेली असते आणि घाणही असते. डाळिंबवाल्यांना विचारा. तेल्या रोग झाडावरून झाडावर जायला न धुतलेली कात्रीसुद्धा पुरते. म्हणून एक पातं फक्त जिवंत लाकडाला, दुसरं बाकी सगळ्याला.

झालं, शोध सुरू. केडगावच्या कृषी सेवा केंद्रात एका पात्याचे मिळाले, सगळे उजव्या हाताचे. पुण्यात रविवार पेठेत बोहरी आळी पालथी घातली. दोन पात्यांचे होते, पण डावऱ्याचा नाही. जर्मनीतली टिना कंपनी डावऱ्यांसाठी कलमाचे चाकू करते. भाव बघून तात्या म्हणाले, “एवढ्यात तयार कलमं येतील की रं!”

मग फिल्टर बदलला. डावऱ्याचा चाकू शोधायचं सोडलं, डावऱ्याचा करता येईल असा शोधला. साधा, कार्बन स्टीलचा, दोन सरळ पात्यांचा. मोठं पातं धारवाल्याकडून एका बाजूला सपाट आणि दुसऱ्या बाजूने उतार देऊन घेतलं, तात्यांच्या हाताच्या हिशोबाने. लहान पातं होतं तसंच ठेवलं. शेवटची धार तात्यांनी स्वतः निसण्यावर लावली. कार्बन स्टील धार पटकन घेतं, पण ओलं ठेवलं की गंजतं. म्हणून काम झालं की पुसायचं आणि तेलाचा हात फिरवायचा.

आता कायद्याचं. शस्त्र नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारं येतात, आणि घरकाम-शेतीची अवजारं त्यातून वगळलीत. पण महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली बंदीचा आदेश असेल तर चाकू बाळगून फिरणंही अडचणीचं ठरतं. पुण्यात कोयत्यांच्या बातम्या तुम्ही ऐकल्याच असतील. तर शेतातला चाकू शेतात, यात्रेत किंवा स्टेशनवर खिशात नको. विमानाच्या केबिन बॅगेत तर नाहीच.

थोडक्यात सांगायचं तर चाकू बघायच्या आधी एक आठवडा आपण काय काय कापतो ते मोबाईलमध्ये लिहून काढा. ती यादीच सांगेल पाती किती आणि कुठली. आणि हात कुठला, तेही लिहा.

तुमच्या घरी जुना चाकू, अडकित्ता, काही असेल तर त्याला किती पाती आहेत आणि कशासाठी, ते व्हॉइस नोटमध्ये सांगा. भेटू पुढच्या भागात. राम राम!