फुटलेले नळ आणि जळतें शहर

शहराच्या तलावांत पाणी किती, एवढें पाहून भागत नाहीं; नळ फुटला असतां तें घरापर्यंत पोहोंचेल कीं नाहीं, हा खरा प्रश्न. अमेरिकेंतील सान फ्रान्सिस्को शहरास हा धडा फार महाग पडला.

१८ एप्रिल १९०६ रोजीं पहांटे तेथें भूकंप झाला व आगी लागल्या. बाहेरून येणारे मोठे नळ तुटले. तरी गांवांतील हौदांत पाणी पुष्कळ होतें. पण भरावाच्या भुसभुशीत जमिनींतील नळ शेंकडों ठिकाणीं फुटले होते. पाणी मातींत जाई, आणि शाबूत नळांतलाहि जोर नाहींसा होई. बंबवाल्यांचे प्रमुख डेनिस सलिव्हन ह्यांनीं समुद्राच्या पाण्याचे निराळे नळ पूर्वींच मागितले होते. भूकंपांत जखमी होऊन ते चार दिवसांनीं वारले.

पुढें आगीसाठीं स्वतंत्र नळ घातले, टेंकडीवर हौद बांधला, जागोजाग झडपा बसविल्या. आपल्याकडे पाणी सोडणारा माणूस रस्त्यांतील खड्ड्यांत किल्लीनें फिरवितो, तीच ही झडप. फुटका तुकडा तिनें तोडला कीं जाळ्यांतील पाणी दुसऱ्या वाटेनें वळून येतें. झाडाच्या फांदीसारख्या एकेरी नळास ही सोय नाहीं.

मात्र झडप वेळेवर बंद झाली पाहिजे! १७ ऑक्टोबर १९८९ च्या भूकंपांत ह्या स्वतंत्र नळांपैकींहि कांहीं फुटले आणि त्यांवरील एक टांकी रिती झाली. मरीना भागांतील आगीवर अखेर ‘फीनिक्स’ नांवाच्या बोटीनें खाडीचें पाणी पुरविलें.