रानातले चित्र आणि चित्रातले रान





घरी बसून रान रंगविणारा माणूस सगळी झाडे एकाच हिरव्या रंगाची करतो. पाटणादेवीच्या रानात जाऊन बसावे, म्हणजे त्याची चूक कळते. सालईचे निष्पर्ण खोड, अंजनाचा करडा हिरवा, पळसाचा केशरी भडका. यांतला एकही रंग नळीतून तयार निघत नाही. शिवाय आपल्या खानदेशी उन्हात जलरंग टेकतो न टेकतो तोच वाळतो. म्हणून सकाळीच बसावे, मोठे आकार आधी मांडावेत, आणि सावल्या एकदा ठरविल्या की त्यांच्यामागे धावू नये.

एका फाल्गुनात मी तेथे ओढ्याकाठचे चित्र काढले. समोर तीन ताजे खुंट होते. चित्र सुबक व्हावे म्हणून मी ते गाळले. मोळी घेऊन जाणारी एक बाई मागे थांबली आणि अहिराणीत विचारती झाली, की तोडलेली झाडे तुम्हांला दिसली नाहीत का? मला उत्तर सुचले नाही. आपण म्हणाल, मोळीवालीच रान तोडते. पण तिच्या डोक्यावर वाळक्या काटक्या होत्या, आणि खुंट करवतीने कापलेले होते.

कोल्हापूरच्या आबालाल रहिमान यांनी कोटितीर्थाचा परिसर प्रत्यक्ष तेथे बसून रंगविला. ते १९३१ साली वारले. पुढे त्या तळ्याचे पाणी सांडपाण्याने बिघडले. आपण काय गमावले, हे आज त्यांची चित्रे सांगतात. परंतु तळे राखण्याचे काम चित्र करीत नाही. ते पाहणाऱ्यांनीच करावयाचे असते.

गौताळा औट्रामघाट अभयारण्य १९८६ साली जाहीर झाले. कायदा सीमा आखतो. आत काय उरले हे पाहावयास डोळे लागतात. म्हणून माझी एकच विनंती आहे. गिरणाकाठचे एखादे झाड निवडा. दरवर्षी त्याच जागी बसून ते काढा, खाली तारीख घाला, आणि पात्रातला वाळूचा खड्डा दिसला तर तोही काढा. झाड नाहीसे झाले, तर ती चित्रे घेऊन कचेरीत जा.

खुंट गाळलेले ते चित्र मी अद्याप भिंतीवर लावलेले नाही.