फाइल बंद करू नका

हवेली, दौंड, शिरूर भागातून आलेल्या माझ्या डॉक्टर मित्रमैत्रिणींनो,

अध्यक्षपदाचा मान दिलात, त्याबद्दल मी ऋणी आहे. परिषद लोणी काळभोरला भरवलीत, याचा आनंद त्याहून मोठा. कर्करोगावरचं संशोधन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मुंबईत परळचं टाटा मेमोरियल रुग्णालय येतं. पण इथूनच जाणाऱ्या सोलापूर रस्त्याने टेंभुर्णीला आत वळलं की बार्शी लागते. तिथं १९८७ पासून देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू आहे. तिथल्या नर्गिस दत्त रुग्णालयाने टाटा मेमोरियलच्या साथीनं तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांची पाहणी हाती घेतली. एकदाच केलेल्या एचपीव्ही विषाणूच्या तपासणीमुळे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर येतात, हे २००९ मध्ये त्यातून सिद्ध झालं. गावोगाव फिरून ठेवलेल्या नोंदींची ही ताकद आहे.

आज मला बोलायचं आहे ते अशाच नोंदींची गरज असलेल्या, कर्करोगातून बऱ्या झालेल्यांबद्दल. काही वर्षांपूर्वी स्तनाच्या कर्करोगातून उठलेली बाई आपल्याकडे येते. "चार पायऱ्या चढले की दम लागतो, संध्याकाळी पाय सुजतात," म्हणते. आपण हिमोग्लोबिन बघतो, अशक्तपणा म्हणून टॉनिक लिहून देतो, कधी दम्याचा पंप हातात ठेवतो. केमोची फाइल घरी पेटीत, रेशनकार्डाखाली पडलेली असते. ती आपण मागत नाही आणि तिलाही ती दाखवावीशी वाटत नाही. तो आजार तिच्या लेखी संपलेला असतो. पण हा दम त्या उपचारांनी थकलेल्या हृदयाचाही असू शकतो.

डॉक्सोरुबिसिन हे केमोचं लाल रंगाचं औषध आपण सगळे ओळखतो. त्यानं असंख्य जीव वाचवले, पण हृदयाच्या स्नायूवर त्याचा घाव साचत जातो. २००३ च्या एका विश्लेषणात, एकूण मात्रा दर चौरस मीटरला ४०० मिलिग्रॅम झाली तेव्हा सुमारे ५ टक्के रुग्णांचं हृदय निकामी होऊ लागलं होतं. ५५० ला तेच प्रमाण २६ टक्क्यांवर गेलं. स्तनाच्या कर्करोगावरच्या ट्रास्टुझुमॅब या औषधानं हृदयाला झालेली इजा बहुधा औषध थांबवल्यावर भरून येते, मात्र वेळेवर टू-डी इको केला तरच ती लक्षात येते. डाव्या स्तनाच्या रेडिएशनमध्ये हृदयाला अधिक किरण लागतात. स्वीडन आणि डेन्मार्कमधल्या स्त्रियांच्या २०१३ च्या अभ्यासानुसार, हृदयाला लागलेल्या किरणांच्या दर ग्रे मात्रेमागे हृदयविकाराचा धोका ७.४ टक्क्यांनी वाढतो आणि तो वीस वर्षांनंतरही टिकून असतो.

हे ऐकून कोणी केमोला घाबरू नये, आणि आपणही कोणाला घाबरवू नये. उपचार घ्यायलाच हवेत. हृदयाची काळजी त्यांच्या बरोबरीनं आणि त्यांच्या नंतरही घ्यायची आहे. लहानपणी कर्करोग झालेल्या मुलांसाठी टाटा मेमोरियलनं १९९१ मध्येच उपचारानंतरचा वेगळा दवाखाना सुरू केला. मात्र आपल्या भागातल्या उरुळी किंवा यवतच्या रुग्णानं दरवर्षी मुंबई गाठावी, ही अपेक्षा धरता येत नाही. त्याला दिसणार आहोत ते आपणच.

म्हणून तीन गोष्टी मागतो. कर्करोगतज्ज्ञांनी उपचार संपताना रुग्णाच्या हाती मराठीत एक पान द्यावं: कोणतं औषध, एकूण मात्रा किती, रेडिएशन कुठे आणि किती, पुढचा इको कधी. गावातल्या डॉक्टरांनी दम, सूज, धडधड घेऊन आलेल्या प्रत्येकाला विचारावं, "पूर्वी कॅन्सरचे उपचार झालेत का?" आणि त्याचा रक्तदाब, साखर, तंबाखू यांकडे दुप्पट लक्ष द्यावं. तिसरी गोष्ट म्हणजे, या परिषदेनं आपल्या तीन तालुक्यांतल्या अशा रुग्णांची वही आजच उघडावी. बार्शीला जमलं, ते लोणीला न जमायला कारण नाही. पहिली नोंद मी माझ्या दवाखान्यातून देतो. दुसरी तुमच्याकडून यावी.