सेंट पॉल्समधली भेट



लंडनच्या केन्सिंग्टन भागात राजघराण्याचा राजवाडा आहे. त्याच बरोच्या, म्हणजे पालिका विभागाच्या, उत्तर टोकाला ग्रेनफेल टॉवर ही २४ मजली इमारत उभी होती. बेताच्या कमाईची कुटुंबं तिथं राहत. कुणी मोरोक्कोतून आलेलं, कुणी सीरियातून. १४ जून २०१७ च्या मध्यरात्रीनंतर चौथ्या मजल्यावरच्या एका फ्रिजपासून आग लागली. इमारत नवी दिसावी, ऊबदार राहावी म्हणून बाहेरून जे पत्रे बसवले होते, त्यांच्या आत जळणारं प्लास्टिक होतं. आग त्यांवरूनच शेंड्यापर्यंत चढली. ७२ माणसं गेली.

बरोबर सहा महिन्यांनी, १४ डिसेंबरला, सेंट पॉल्स कॅथीड्रलमध्ये त्यांची स्मरणप्रार्थना झाली. सुमारे १५०० माणसं जमली होती. हिरवं हृदय रेखलेलं पांढरं निशाण आत आणलं ते एका कॅथलिक पाद्रीनं आणि एका मुस्लिम धर्मगुरूनं मिळून. मुस्लिम शाळेतल्या मुली गायल्या, सीरियन वादकानं ऊद हे तंतुवाद्य वाजवलं. प्रार्थना संपल्यावर आप्त बाहेर पडले ते हातात पांढरी गुलाबं घेऊन, एक शब्द न बोलता.

तेव्हाचे युवराज चार्ल्स, त्यांच्या पत्नी कॅमिला, मुलगे विल्यम आणि हॅरी, आणि विल्यमच्या पत्नी केट प्रार्थनेला हजर होते, आणि नंतर ते या कुटुंबांना भेटले. ज्याचं माणूस गेलंय त्याच्याशी राजपुत्रानं काय बोलावं? आपल्याकडे दुःखाच्या घरी गेलेला माणूस निघताना ‘येतो’सुद्धा म्हणत नाही. तिथं बसायचं असतं, समोरचा बोलला तर ऐकायचं असतं. राजघराण्यालाही याहून वेगळं काही करता येत नाही, आणि हे करणं सोपं नाही.

ब्रिटनच्या राजघराण्याला हे शिकायला वेळ लागला. २१ ऑक्टोबर १९६६ रोजी वेल्समधल्या अ‍ॅबरफॅन गावावर कोळशाच्या खाणीचा ढिगारा घसरला. १४४ जण गाडले गेले, त्यांतली ११६ मुलं होती. राणी एलिझाबेथ तिथं पोहोचल्या त्या आठ दिवसांनी. हा उशीर त्यांना पुढं आयुष्यभर सलत राहिला, असं त्यांच्या निकटच्यांनी सांगितलंय. त्या गावी त्या नंतर पुन्हा पुन्हा गेल्या. ग्रेनफेलच्या वेळी मात्र त्या दोनच दिवसांनी, १६ जूनला, नातू विल्यमला घेऊन बेघर झालेल्यांना भेटल्या. त्याच्या आदल्या दिवशी तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे जळक्या इमारतीपाशी येऊन अग्निशमन दलाला भेटून गेल्या होत्या, रहिवाशांना मात्र भेटल्या नव्हत्या. लोकांना ते फार लागलं.

राजघराण्याच्या हाती सत्ता नाही. इमारतीला कोणते पत्रे लावायचे हे ते ठरवत नाहीत, भरपाई देत नाहीत, कुणावर खटला भरत नाहीत. म्हणून अशा भेटींना काही लोक देखावा म्हणतात. मला ते पटत नाही. मेलेल्यांच्या आईबापांना त्या दिवशी हवं होतं ते एवढंच, की या देशानं आपल्याकडे पाहावं. ज्यांच्या नावानं तो देश चालतो, त्यांनी समोर उभं राहून ऐकलं, तर त्याला मोल आहे. पण न्यायाचं काम त्यानं भागत नाही, आणि हे त्या कुटुंबांना आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. इमारत ज्या बरो कौन्सिलच्या मालकीची होती, तिच्या प्रतिनिधींनी प्रार्थनेला येऊ नये, असं कुटुंबांनी सांगितलं होतं, आणि ते आले नाहीत.

या आगीच्या चौकशीचा अंतिम अहवाल यायला ४ सप्टेंबर २०२४ उजाडला. निवृत्त न्यायमूर्ती सर मार्टिन मूर-बिक यांनी तो मांडताना स्पष्ट सांगितलं की यातला प्रत्येक मृत्यू टळू शकला असता. धोक्याच्या सूचना कित्येक वर्षं मिळत होत्या आणि एकामागून एका सरकारनं त्या बाजूला ठेवल्या होत्या. इमारतीत आगीचा धोका आहे, हे तिथले काही रहिवासी आगीच्या आधीपासून लेखी सांगत आले होते.