दोषाचा माग

म्हैसूरच्या सरस्वतीपुरमात खोली घेऊन राहणाऱ्या एखाद्या मराठी विद्यार्थ्याची कल्पना करावी. चौघा सोबत्यांच्या सामाईक खर्चासाठी त्याने हिशेबाचे एक वेबपान रचले आहे. भाडे ६००० रुपये, वीज ४५०; बेरीज मात्र दिसते ६०००४५०! महिनाअखेर आली आहे आणि सोबत्यांचा हिशेबावरचाच नव्हे, तर हिशेब ठेवणारावरचाही विश्वास डळमळू लागला आहे.

अशा वेळी नवशिका अंदाजाने एक ओळ बदलतो, मग दुसरी. मूळ दोष राहतो आणि दोन नवे जन्मास येतात. जाणता मनुष्य चालता प्रोग्रॅम मध्येच थांबवून त्याची झडती घेतो. यालाच डिबगिंग म्हणतात.

मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल स्टुडिओ कोड या २०१५ साली आलेल्या संपादकात ही सोय आहे. परंतु चौकशीपूर्वी कागदपत्रे नीट लावावी लागतात. ‘लाँच डॉट जेसन’ या छोट्या फाइलीत दोन गोष्टी अचूक लिहाव्या लागतात: पान कोणत्या पत्त्यावर उघडते, ती ‘यूआरएल’, आणि त्याचा मूळ मजकूर कोणत्या फोल्डरात आहे, तो ‘वेबरूट’. पान पुरविणारा सर्व्हर आधीच चालू असावा लागतो. मग हव्या त्या ओळीच्या डावीकडे टिचकी मारली की लाल ठिपका उमटतो. ‘एफ-५’ ही कळ दाबताच ब्राउझर उघडतो आणि प्रोग्रॅम त्या ओळीपाशी पोहोचला की थबकतो.

आपल्या विद्यार्थ्याचा ठिपका मात्र करडा आणि पोकळ झाला. यंत्र बिघडले नव्हते. ब्राउझरातील ओळीची संपादकातील ओळीशी ओळख पटली नव्हती, एवढेच. पाने आतल्या फोल्डरात होती आणि ‘वेबरूट’ बाहेरचा दिला होता. तो सुधारताच ठिपका भरला, प्रोग्रॅम थांबला आणि ६००० व ४५० हे दोन्ही आकडे अवतरणचिन्हांत दिसले. रकान्यात भरलेले आकडे जावास्क्रिप्टपाशी अक्षरे म्हणून पोहोचले होते, आणि अक्षरांची बेरीज म्हणजे नुसती जोडणी! त्यांना संख्येचे रूप देताच उत्तर आले ६४५०.

डिबगरने दोष सांगितला नाही. त्याने प्रोग्रॅम क्षणभर थांबविला. पाहण्याचे काम विद्यार्थ्यालाच करावे लागले. संध्याकाळी चौघांनी हिशेब मिटविला, आणि कोणाच्याही मनात किंतु उरला नाही.