तिकीट नंबर आणि गिरणगावचा इतिहास

मुंबईच्या कापडधंद्याचा इतिहास सांगताना प्रारंभ बहुधा कावसजी नानाभाई दावर यांच्या ताडदेवच्या गिरणीपासून केला जातो. १८५४ मध्ये कंपनी स्थापन झाली, १८५६ मध्ये उत्पादन सुरू झाले. भांडवल, चात्या, माग यांची मोजदाद करण्यास कागदपत्रांची वाण पडत नाही. मालकाची हिशेबवही कपाटात जाते, कामगाराची पगारचिठ्ठी पुडी बांधण्यास लागते. इतिहासलेखनातील विषमतेचे एक मूळ येथेही आहे.

कापडाच्या ताग्यावर चिकटविल्या जाणाऱ्या रंगीत चित्राला व्यापारी भाषेत ‘तिकीट’ किंवा ‘छाप’ म्हणत. प्रथम मँचेस्टरच्या व्यापाऱ्यांनी आणि नंतर येथील गिरण्यांनी ही चित्रे वापरली. निरक्षर गिऱ्हाइकाने चित्रावरून माल ओळखावा, हा त्यामागील हेतू. त्यांवर देवदेवता आहेत, राजेराण्या आहेत. कापड विणणारे हात मात्र क्वचितच दिसतात. ही तिकिटे आज संग्रहालयांत मानाने मांडली जातात.

गिरणीत आणखी एक तिकीट होते. कामगाराचा हजेरीचा क्रमांक म्हणजे त्याचा ‘तिकीट नंबर’. तागा चित्राने ओळखला जाई, माणूस आकड्याने! बदली कामगाराचे कार्ड, खानावळीचा हिशेब, १९२८ च्या संपापासूनची पत्रके, युनियनच्या वर्गणीच्या पावत्या, गावी पाठविलेल्या मनीऑर्डरीची पोच, खात्यातील सहकाऱ्यांसह काढलेला फोटो, हे सारे ट्रंकेच्या तळाशी गेले.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. संपानंतर अनेकांपुढे गिरण्यांचे दरवाजे पुन्हा उघडलेच नाहीत. १९९१ च्या नियमावलीने गिरण्यांच्या जमिनी विकासास मोकळ्या केल्या. पुढे दीर्घ लढ्यानंतर कामगारांसाठी घरांची योजना आली. १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर आपण गिरणीच्या पटावर होतो, हे अर्जदाराने सिद्ध करावयाचे! पुरावा म्हणून तिकीट नंबर, लाल पास, सर्व्हिस सर्टिफिकेट, भविष्य निर्वाह निधीची कागदपत्रे, पगारपावती यांपैकी काही हवे. काल जो रद्दीचा कागद होता, त्यावर आज घराचा हक्क अवलंबून आहे. हजेरीपट मालकाच्या ताब्यात असे. पुराव्याचा भार मात्र मृत कामगाराच्या विधवेवर पडला. हा कोणता न्याय?

म्हणून अशा वस्तूंचे जतन हा केवळ गतकाळाच्या हौसेचा विषय नव्हे. बी.डी.डी. चाळींच्या जागी मनोरे उभे राहत आहेत आणि बिऱ्हाड हलताना प्रथम जुने कागद टाकले जातात. कार्यकर्त्यांनी घरोघर जावे, कोकणातील आणि देशावरील गावीही जावे. कागदाची प्रत घेऊन मूळ कागद ज्याचा त्याला परत द्यावा. फोटोतील माणसांची नावे, खाते, वर्ष ही माहिती जाणत्या वृद्धांकडून लगेच लिहून घ्यावी, कारण नावे सांगणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत. ज्यांच्या श्रमावर ही नगरी उभी राहिली, त्यांची नोंद आकड्यावरून पुन्हा नावावर आणणे, हेही चळवळीचेच काम आहे.