बाहेरून कोणीतरी विचारायला हवं

मानसिक आजार स्वतः झेललेले मित्रहो, घरच्या माणसाला वर्षानुवर्षं सांभाळणारे आई-वडील, मुलंमुली, भावंडं, परिषदेचे अध्यक्ष महोदय आणि व्यासपीठावरचे मान्यवर,

नावांचा क्रम मी मुद्दाम उलटा घेतला. आज ज्यांच्याविषयी बोलायचं आहे ते नेहमी शेवटच्या रांगेत बसतात, आणि बहुतेकांना तर इथे येताच आलेलं नाही.

पाहुण्यांना आम्ही नाशिककर रामकुंड दाखवतो, गोदाघाट दाखवतो. या परिषदेच्या पाहुण्यांनी जवळच्या काळाराम मंदिराच्या दारापाशीही थोडं थांबावं अशी माझी इच्छा आहे. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली तिथे मंदिरप्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला आणि पुढची काही वर्षं तो चालला. बंद दारासमोर उभं राहून हक्क मागण्याची ती या शहराची शिकवण आहे. आपण ज्यांच्यासाठी जमलो आहोत ते मात्र दाराच्या आत आहेत. त्यांना सत्याग्रह करता येत नाही, अर्ज लिहिता येत नाही. कित्येकांना आपण कुठे आहोत हेही सांगता येत नाही.

महाराष्ट्राने १९९४ विसरू नये. त्या वर्षी फेब्रुवारीत शिरूरच्या शासकीय संस्थेतल्या बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलींना पुण्याच्या ससून रुग्णालयात आणून त्यांची गर्भाशयं काढण्यात आली. पाळीच्या दिवसांत त्यांना स्वतःची स्वच्छता राखता येत नाही, हे कारण सांगितलं गेलं. स्त्री संघटनांनी आवाज उठवला तेव्हा पुढच्या शस्त्रक्रिया थांबल्या. हे चोरून झालेलं नव्हतं, याचीच मला जास्त धास्ती वाटते. संस्था शासनाची, रुग्णालय शासनाचं, डॉक्टर शिकलेसवरलेले, आणि आपण मुलींचं भलंच करतो आहोत अशी भूमिका. त्या मुलींच्या बाजूने एक प्रश्न विचारण्याचं काम कोणाकडेच सोपवलेलं नव्हतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने स्वतःच्या मुक्त आणि माहितीपूर्ण संमतीशिवाय मूल होण्याची क्षमता घालवणाऱ्या उपचारांना मनाई केली. त्याला बावीस वर्षं लागली.

मानसिक आजारांपुरतं बोलायचं तर २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा हे फार मोठं पाऊल आहे, आणि तो घडवण्यात पुण्याच्या डॉ. सौमित्र पाठारे यांच्यासारख्या मराठी माणसाचा मोठा वाटा आहे याचा मला अभिमान वाटतो. माणसाला निर्णयक्षमता आहे असं आधी गृहीत धरायचं, हे त्याचं सूत्र. साखळदंडाला पूर्ण बंदी. संमतीशिवाय दाखल केलं तर पुनर्विलोकन मंडळाला कळवायचं: स्त्री किंवा अल्पवयीन असेल तर तीन दिवसांत, इतरांबाबत सात दिवसांत. घर नाही किंवा घरचे नेत नाहीत एवढ्याच कारणासाठी कोणालाही रुग्णालयात ठेवता येणार नाही, असंही कलम १९ सांगतं.

आता वस्तुस्थिती ऐका. डॉ. हरीश शेट्टी यांच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयात सुनावणी सुरू असताना, २०२२ मध्ये, येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांचा हिशेब पुढे आला. दहा वर्षांहून अधिक काळ तिथे राहिलेले ४७५ रुग्ण होते, आणि त्यांतले २६३ घरी सोडण्याजोगे होते. ही माणसं कुणी मुद्दाम डांबून ठेवली नव्हती. त्यांची फाईल उघडून ‘हे अजून इथे का आहेत?’ असं विचारणारं कुणी आलं नाही, एवढंच. हे विचारण्याचं काम पुनर्विलोकन मंडळाचं. त्याच्या रचनेत जिल्हा न्यायाधीश दर्जाचा अध्यक्ष आहे, मनोविकारतज्ज्ञ आहे, आजार झेललेल्यांना आणि काळजीवाहकांनाही जागा आहे. कागदावर यापेक्षा चांगलं मंडळ मला सुचणार नाही. ते नियमित बसलं पाहिजे आणि वॉर्डात गेलं पाहिजे.

रुग्णालयांवर निदान कायद्याची नजर आहे. वृद्धाश्रमांचं काय? डिमेन्शिया झालेल्या आजोबांच्या खोलीला कुलूप असतं, कारण ते बाहेर पडतात आणि हरवतात. कुलूप गरजेचं असेलही. पण ते कोणी ठरवलं, किती दिवसांसाठी, आणि रात्रीची गोळी आजारासाठी दिली जाते की माणसं कमी पडतात म्हणून? कायद्यातल्या मानसिक आजाराच्या व्याख्येत स्मृती आणि स्थळकाळाचं भान यांचा उल्लेख आहे. माझ्या मते अशा रुग्णांना ठेवणाऱ्या निवासी संस्थाही या कायद्याच्या कक्षेत यायला हव्यात, आणि शासनाने ते निःसंदिग्ध शब्दांत सांगायला हवं.

कायदा गप्प राहिला की काय होतं, ते इंग्लंडने पाहिलं. तिथे १९९७ साली बोलू न शकणाऱ्या एका स्वमग्न माणसाला बोर्नवुड रुग्णालयात ठेवून घेतलं गेलं. तो विरोध करत नव्हता, म्हणून कायद्याची कोणतीही प्रक्रिया केली नाही. त्याला सांभाळणाऱ्या दांपत्याला भेटूही दिलं नाही. २००४ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने त्याचं स्वातंत्र्य हिरावलं गेलं असा निर्णय दिला. त्यानंतर तिथे संरक्षणाची तरतूद झाली, पण २०१४ च्या एका निकालानंतर अर्जांचा असा लोंढा आला की यंत्रणा गुदमरली. २०१९ ला सुधारित कायदा मंजूर झाला, तोही रखडला. आपण यातून एवढं घ्यावं: अर्जांचे ढीग उभारू नयेत. थोड्या पण खऱ्या भेटी देणारी माणसं नेमावीत.

मालमत्तेचा प्रश्न तर वकील म्हणून मला रोज भेटतो. वडिलांना स्मृतिभ्रंश झाला, पेन्शन त्यांच्या खात्यात, औषधाला पैसे हवेत, आणि सही होत नाही. घरचे कुलमुखत्यारपत्र घेऊन येतात. पण करार कायद्यानुसार, ते देणाऱ्याचं मन भानावर राहिलं नाही की तो अधिकारच संपतो. म्हणजे नेमकं गरज पडते तेव्हा ते निरुपयोगी. मानसिक आरोग्याच्या १९८७ च्या जुन्या कायद्यात जिल्हा न्यायालयातून मालमत्तेसाठी व्यवस्थापक नेमून घेता येत होता. २०१७ च्या कायद्यात ते प्रकरण गळलं. राष्ट्रीय न्यास कायद्याखालची जिल्हाधिकाऱ्यांची समिती आहे, पण ती स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांच्यापुरती. मग राहतं उच्च न्यायालय. ऑगस्ट २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कोमात असलेल्या पतीची पालक म्हणून पत्नीला नेमलं, ते घटनेने दिलेला विशेष अधिकार वापरून. सुरगाण्याच्या किंवा पेठच्या शेतकऱ्याच्या मुलाने वडिलांच्या खात्यातल्या चार पैशांसाठी मुंबई गाठायची का?

नाशिकने या क्षेत्रात आधीपासून काम केलेलं आहे. रजनीताई लिमये यांनी १९७७ मध्ये इथे प्रबोधिनी विद्यामंदिर सुरू केलं, तेव्हा बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांना घरातल्या आतल्या खोलीत ठेवण्याची रीत होती. त्या पिढीची मुलं आज प्रौढ आहेत आणि त्यांचे आईवडील थकले आहेत. ‘आमच्या माघारी हिचं कोण?’ हा प्रश्न नाशिकच्या कितीतरी घरांत रोज रात्री विचारला जातो. कायदा सुधारायचा तो या प्रश्नाला समोर ठेवून. आईवडिलांच्या माघारी अशा मुलांना संस्थेत राहावं लागलं, तर चांगल्या संस्थेने बाहेरच्या तपासणीला घाबरण्याचं कारण नाही. एखाद्या मुलीच्या नातेवाइकाने उद्या आरोप केला तर संस्थेच्या बाजूने साक्ष द्यायला त्या तपासणीचीच नोंद उभी राहील.

आणखी एक तातडीची गोष्ट. २०२६-२७ चा सिंहस्थ आपल्या दारात आहे. गर्दीत हरवलेली, कधी मुद्दाम सोडून दिलेली म्हातारी माणसं, भ्रमिष्ट अवस्थेत भटकणारे स्त्री-पुरुष घाटांवर सापडतील. अशा माणसाला पोलिसांनी संरक्षणात घ्यावं, चोवीस तासांत शासकीय आरोग्य संस्थेत पोहोचवावं आणि कोठडीत ठेवू नये, असं मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम १०० बजावतं. डॉ. भरत वाटवानी यांच्या कर्जतच्या श्रद्धा संस्थेने रस्त्यावरून उचललेली माणसं घरी पोहोचवून दाखवली आहेत. म्हणजे हे जमण्यासारखं काम आहे.

या दोन दिवसांत तीन ठराव व्हावेत अशी स्वागत समितीच्या वतीने माझी विनंती आहे. पालक नेमण्याचा अधिकार जिल्हा न्यायालयाला द्यावा, मुदतीसह आणि दरवर्षीच्या हिशेबासह. कुलूप लावणाऱ्या प्रत्येक निवासी संस्थेला बाहेरच्या माणसाची न सांगता होणारी भेट बंधनकारक करावी. आणि सिंहस्थाआधी नाशिक व त्र्यंबकेश्वरच्या प्रत्येक पोलीस ठाण्याला कलम १०० चं प्रशिक्षण मिळावं. ठरावांचे मसुदे प्रवेशद्वाराशी ठेवले आहेत. जेवणाच्या सुट्टीआधी ते वाचा, खोडा, दुरुस्त करा, आणि संध्याकाळच्या सत्रात मंजूर करा.